आईला सहा आठवडे डेक्सामेथासोन चालू आहे, चेहरा सुजलाय, झोप नाही, उठता येत नाही. गोळी बंद करू का?

सगळ्यात आधी दोन गोष्टी, बाकीचं नंतर सावकाश वाचा. पहिली, गोळी आज रात्री स्वतःहून बंद करू नका. दुसरी, आत्ता आईंजवळ जाऊन विचारा की पाठीत नवीन दुखणं सुरू झालंय का, पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, लघवी अडकते किंवा कळायच्या आत होते असं काही आहे का. यातलं एकही 'हो' असेल तर हे वाचत बसू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावा किंवा सरळ इमर्जन्सीत घेऊन जा, रात्र असली तरी. कशासाठी ते पुढे सांगतेच.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहिते. आई ६४ वर्षांच्या, ब्रेस्ट कॅन्सर, हाडांत आणि लिव्हरमधे पसरलेला. जेवण तुटलं होतं आणि उजव्या बरगडीखाली सतत दुखायचं म्हणून डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी, ४ एमजी, सकाळी एक रात्री एक अशी सुरू झाली. पहिले आठ-दहा दिवस आई उठून बसल्या, भाकरी मागून खाल्ली, सगळ्यांना हायसं वाटलं. आता सहा आठवडे झालेत, चेहरा गोल झालाय, रात्रभर जाग्या, बडबड आणि चिडचिड, शुगर ३१० आली, पाय सुजलेत, आणि कमोडवरून उठवायला दोन माणसं लागतात. ठाण्याचे मामा म्हणतात स्टेरॉइड म्हणजे विष, आजच थांबवा. तुमच्या मिसेस म्हणतात थांबवली तर परत जेवण बंद होईल. तुम्ही विचारताय की बंद करू का, आणि हे सगळं गोळीने झालं की आजार वाढला म्हणून.

मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारी डॉक्टर आहे, ठाण्यापासून पनवेलपर्यंत घरी जाऊन पेशंट बघते, आणि खरं सांगू का, मामा आणि मिसेस दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. पण मला तुमच्या प्रश्नात न विचारलेला एक प्रश्न दिसतो, तो म्हणजे ही गोळी किती दिवसांसाठी दिली होती? तुमच्या लिहिण्यात ते कुठेच नाही, आणि फाईलमधेही बहुतेक नसणार. मी बघते त्या घरांत बहुतेक वेळा असंच असतं. सुरू करणाऱ्या डॉक्टरांनी बरोबर कारणासाठी सुरू केलेली असते, पुढच्या ओपीडीत दुसरे डॉक्टर असतात, गर्दी असते, ते 'कंटिन्यू' लिहितात, केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर पट्टी देतो, आणि आठवड्याभराची गोळी दोन महिने चालते. यात कोणी वाईट हेतूने काही केलेलं नसतं, फक्त थांबायचं कधी हे कोणी लिहिलेलं नसतं.

मामांच्या भीतीबद्दल आधी बोलू, कारण ती घराघरात आहे. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे स्टेरॉइड म्हटलं की काळी बुरशी आठवते, आणि ते काही उगाच नाही, शुगर वाढलेली असताना स्टेरॉइडचा मारा झाला की असं होऊ शकतं हे महाराष्ट्राने जवळून पाहिलंय. पण त्याच कोविडमधे ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटचे जीव वाचवणारी गोळी म्हणून २०२० मधे जे औषध सिद्ध झालं ते हेच डेक्सामेथासोन, रोज ६ एमजी, जास्तीत जास्त १० दिवस. औषध एकच. कोणाला, किती आणि किती दिवस यावर ते विष की उपकार हे ठरतं.

कॅन्सरमधे आम्ही ते खूप वापरतो. मेंदूत गाठ असेल तर भोवतीची सूज उतरवायला, मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल तर, लिव्हर मोठं होऊन वरचं आवरण ताणलं जातं त्या दुखण्यासाठी, केमोच्या उलटीसाठी, आणि भूक व अशक्तपणासाठी. तुमच्या आईंना लिव्हरचं दुखणं आणि भूक अशा दोन कारणांनी दिलीये, दोन्ही कारणं योग्य आहेत. अशक्तपणाबद्दल २०१३ मधे प्रसिद्ध झालेला एक चांगला अमेरिकन अभ्यास आहे, त्यात वाढलेल्या कॅन्सरच्या पेशंटना अगदी तुमच्या आईंचाच डोस, ४ एमजी दिवसातून दोनदा दिला होता आणि खोट्या गोळीपेक्षा थकवा खरंच कमी झाला. पण तो दिला होता १४ दिवस. तुम्ही सहा आठवड्यांवर आहात. भुकेचं पण असंच, पहिले दोन-तीन आठवडे मस्त लागते, मग हळूहळू तो परिणाम ओसरतो, आणि साइड इफेक्ट मात्र आठवड्यागणिक वाढत जातात. म्हणजे एक वेळ येते जिथे फायदा संपलेला असतो आणि फक्त तोटा चालू असतो. आई आत्ता त्याच ठिकाणी आहेत असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतंय, पण हे न बघता बोलतेय हे लक्षात घ्या.

डोसचा अंदाज यावा म्हणून सांगते, कारण 'दोनच तर गोळ्या आहेत' असं घरचे म्हणतात. डेक्सामेथासोन ०.७५ एमजी म्हणजे साधारण ५ एमजी प्रेडनिसोलोन, वायसोलोन किंवा ओम्नाकॉर्टिल नावाने मिळते ती. म्हणजे ८ एमजी डेक्सा म्हणजे वायसोलोनच्या हिशोबात ५० च्या वर. आपलं शरीर रोज स्वतः जेवढं स्टेरॉइड बनवतं त्याच्या दहापट किंवा जास्तच. अजून एक, डेक्साच्या गोळ्या ०.५ च्याही येतात आणि ४ च्याही येतात, आठपटीचा फरक, आणि नाव तेच. घरात दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात ठेवू नका. चुकून अदलाबदल झालेली मी पाहिलीये, दोन्ही दिशांनी.

आता एकेक त्रास. सोपा आधी घेते, झोप.

डेक्साचा परिणाम शरीरात दीड-दोन दिवस राहतो, त्यामुळे रात्री आठ-नऊला गोळी द्यायची काहीच गरज नसते. १-०-१ ही आपल्याकडची सवय आहे, सगळ्याच गोळ्या सकाळ-रात्र लिहायची. पूर्ण डोस सकाळी नाश्त्यानंतर एकदम, किंवा फार तर सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर, दोनच्या आत. डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा की रात्रीची गोळी सकाळी घेतली तर चालेल का, बहुतेक जण लगेच हो म्हणतात. नुसत्या या बदलाने चार-पाच दिवसांत रात्री बऱ्या झालेली घरं कितीतरी आहेत, आणि झोपेची नवीन गोळी वाचते ते वेगळंच.

पण बडबड आणि चिडचिड हे नुसतं झोप नसल्यामुळे असेलच असं नाही. स्टेरॉइडने मूड बदलतो, कोणी उगाच आनंदात, कोणी रडकं, कोणी संशयी. अमेरिकेतल्या बोस्टनच्या गटाने १९७२ मधे मांडलेले जुने आकडे आम्ही अजून वापरतो, हॉस्पिटलमधल्या पेशंटचे आहेत, फक्त कॅन्सरचे नाहीत: रोज ४० एमजीपर्यंत प्रेडनिसोन (हिशोबाला वायसोलोनसारखंच) घेणाऱ्यांत १.३ टक्के जणांना गंभीर मानसिक त्रास झाला, ४१ ते ८० मधे ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. म्हणजे डोस वाढला की धोका वाढतो हे सरळ आहे, आणि आई मधल्या गटात बसतात. हे फक्त गंभीर त्रासाचे आकडे, साधी चिडचिड आणि जाग यापेक्षा पुष्कळ जास्त जणांना होते. तेव्हा आई तुम्हाला काही टोचून बोलल्या असतील तर ते मनावर घेऊ नका, आणि त्यांना समजावत वादही घालू नका, मुलगा म्हणून अवघड आहे ते माहितीये.

मात्र असंबद्ध बोलत असतील, दिवस-रात्र कळत नसेल, माणसं ओळखत नसतील, तर ते सगळं स्टेरॉइडच्या खात्यावर टाकायचं नाही. हाडांत पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमधे रक्तातलं कॅल्शियम वाढतं, त्यात माणूस असाच गोंधळतो, तहान लागते, लघवी खूप होते, पोट साफ होत नाही. ३१० शुगरनेही तहान आणि लघवी वाढते, म्हणजे बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मॉर्फिन चालू असेल तर ते, पाच-सहा दिवस संडास झाली नसेल तर ते, लघवीचं इन्फेक्शन असेल तर ते. म्हणून शुगर, कॅल्शियम, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी) एवढं रक्त उद्या तपासून घ्या, घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब नवी मुंबईत सगळीकडे आहे. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या आल्या तर घाबरू नका, नुसत्या स्टेरॉइडनेही त्या वाढतात. उलट दुसरं लक्षात ठेवा, स्टेरॉइड ताप दाबतं. 'ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही' हे या पेशंटमधे चालत नाही, अचानक गळून जाणं, थंडी भरणं, धाप लागणं हे दिसलं तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी डॉक्टरांना कळवा.

शुगरचं एक गणित आहे जे बरेच जण चुकतात. सकाळी गोळी घेतली की शुगर दुपारनंतर चढते, संध्याकाळी सगळ्यात वर असते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. आपण लॅबला बोलावतो सकाळी उपाशीपोटी, रिपोर्ट येतो ११५, सगळे खूश. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी अशी ग्लुकोमीटरवर बघा. तुमची ३१० कधीची आहे ते लिहिलं नाहीत. आईंना आधी डायबेटिस नव्हता असं धरून चालते, असेल तर प्रकरण जरा वेगळं.

आकडा किती चालेल? या टप्प्यावर आम्ही तरुण डायबेटिकसारखं ७ च्या आत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) वगैरे धरत नाही. साधारण ११० ते २७० च्या मधे राहिली आणि तहान-लघवीचा त्रास नसला तर पुरे. भात-पोळी तोडायची नाही, ज्या माणसाला मुश्किलीने चार घास जातात त्याचे दोन काढून घेऊ नका. चहातली साखर, डब्यातला ज्यूस, आणि शक्ती येईल म्हणून नातेवाईक आणतात ते गोड पावडरीचं दूध एवढं कमी करा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. ३१० ला बहुधा काहीतरी औषध लागेलच, सकाळची गोळी किंवा सकाळचं इन्सुलिन, ते डॉक्टर ठरवतील. पण हे ठळक लिहून ठेवा: स्टेरॉइडचा डोस कमी करताना शुगरचं औषधही सोबत कमी करावं लागतं. स्टेरॉइड उतरवलं, इन्सुलिन तेवढंच राहिलं, आणि पहाटे घामाघूम होऊन शुगर ५० पर्यंत खाली, हे टाळता येण्यासारखं संकट आहे.

आता पायांकडे येते, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

कमोडवरून उठता न येणं हे स्टेरॉइडचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. मांड्या आणि खुब्याभोवतीचे स्नायू झिजतात, पंजाची ताकद ठीक असते पण बसल्यावर उठता येत नाही, जिना चढवत नाही, केस विंचरायला हात वर जात नाहीत. काही आठवड्यांनी सुरू होतं, दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. डेक्सामधे हे वायसोलोनपेक्षा जास्त दिसतं. आपल्याकडे ते पकडलं जातं संडासात, विशेषतः जिथे अजून भारतीय बैठकीचा आहे, कोपरखैरणे-घणसोलीच्या जुन्या रो-हाऊसमधे खाली संडास आणि वर झोपायची खोली, नाहीतर नौपाड्याच्या लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे तिसरा मजला. घरचे म्हणतात 'आई आता खचली'. खचलेली नसते, मांड्यांत जोर नसतो. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाही पण तुम्हाला कळेल, त्याच वेळी चेहरा भरतो म्हणून भेटायला आलेले पाहुणे म्हणतात 'वा, तब्येत सुधारली की'. गाल बघू नका, मांडी बघा.

पण तुमच्या आईंच्या हाडांत आजार आहे, म्हणून इथे दुसरी शक्यता आधी खोडून काढायलाच हवी. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबायला लागली तरी पाय जातात. त्यात बहुतेकांना पाठ दुखते, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त, मुंग्या, बधिरपणा, लघवी-संडासचा ताबा जाणं, आणि हे काही दिवसांत किंवा तासांतच वाढतं. सुरुवातीला मी जे विचारायला लावलं ते याचसाठी. हे असेल तर स्टेरॉइड कमी करायचं नसतं, उलट वाढवतात, एमआरआय आणि लगेच रेडिएशन किंवा ऑपरेशन, आणि उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. म्हणजे एकाच तक्रारीला दोन उलट उत्तरं आहेत, फोनवर किंवा इथे लिहून ते ठरत नाही. कोणीतरी डॉक्टरांनी आईंच्या पायांची ताकद, संवेदना आणि पाठ हाताने तपासायला हवी, या दोन दिवसांत. घरी येणारे चालतील.

स्टेरॉइडमुळेच निघालं तर डोस उतरवल्यावर ताकद येते, पण आठवडे ते महिने लागतात, आज कमी केली आणि सोमवारी चालल्या असं होणार नाही. तोपर्यंत कमोडवर उंची वाढवणारी सीट आणि बाजूला धरायला दांडा बसवून घ्या, खुर्चीवर दोन उशा टाकून बसणं उंच करा, फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीतून उठ-बसचा हलका व्यायाम शिकून घ्या. अंडं, डाळ, दही, पनीर जे खातील ते. आणि रात्री एकट्याने उठू देऊ नका, हाडांत आजार असताना पडल्या तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही.

पायांच्या सुजेला मात्र मी लगेच डेक्साला दोष देणार नाही. डेक्सा मीठ-पाणी फारसं धरून ठेवत नाही. लिव्हरचा आजार, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी, दिवसभर पाय खाली सोडून बसणं ही कारणं जास्त संभवतात. फक्त बघा सूज दोन्ही पायांना सारखी आहे की एकालाच. एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, ते त्याच दिवशी दाखवायचं.

तोंडात रोज टॉर्च मारून बघा. पांढरे चट्टे, जीभ जळणं, गिळताना टोचणं म्हणजे बुरशी. कवळी असेल तर रात्री काढून धुऊन पाण्यात. भूक परत कमी झाली असं वाटतं तेव्हा कधीकधी नुसतं तोंड आलेलं असतं आणि साध्या औषधाने चार दिवसांत बाई जेवायला लागते. उचकी लागत असेल तर तीही डेक्साची असू शकते, सांगायला लाजू नका.

पोटाचं विचारते, गुडघ्यासाठी वगैरे केमिस्टकडून कॉम्बिफ्लाम, व्होवेरान असलं काही चालू आहे का? स्टेरॉइड आणि या पेनकिलर एकत्र म्हणजे जठरात अल्सर आणि रक्तस्राव होण्याचा धोका खूप वाढतो. डॉक्टरांनी जाणूनबुजून लिहिली असेल तर वेगळं, स्वतःहून आणलेली असेल तर ती बंद, आणि पॅन्टोप्राझोल ही ॲसिडची गोळी चालू आहे ना ते बघा. संडास डांबरासारखी काळी झाली तर लगेच हॉस्पिटल. सांधेदुखीसाठी कुठूनतरी आणलेल्या बिनलेबलच्या पुड्याही थांबवा, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं.

उद्या डॉक्टरांशी बोलताना अजून दोन गोष्टी काढा. पूर्वी टीबी झाला होता का हे सांगा, आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीये का विचारा, दोन्ही स्टेरॉइडमधे डोकं वर काढतात. आणि एवढा डोस महिन्याच्या वर चालला असल्याने फुफ्फुसाच्या एका ठराविक इन्फेक्शनसाठी सेप्ट्रानसारखी सल्फाची गोळी लागेल का हेही विचारा, काहींना देतात काहींना नाही, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं.

तर आत्तापर्यंतचं एका दमात: रात्रीचा डोस सकाळी, शुगर दुपार-संध्याकाळी, रक्त उद्या, आणि पाय-पाठ दोन दिवसांत तपासून घ्यायचे. आता तुमचा मूळ प्रश्न, बंद करायची का.

एकदम नाही. आपल्या किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, रोजचं स्टेरॉइड त्या बनवतात. घरी रोज बाहेरून भरलेला डबा यायला लागला की चूल पेटवायची कोणी तसदी घेत नाही, तसं या ग्रंथींचं होतं, तीनेक आठवड्यांच्या वर बाहेरून मिळालं की काम थांबवतात. मग एक दिवस डबा बंद केला तर चूल लगेच पेटत नाही. माणूस गळून जातो, उलट्या, अंगदुखी, चक्कर, बीपी खाली, शुगर खाली, प्रकरण जिवावर बेतू शकतं. आणि दिसतं कसं? कॅन्सर वाढल्यासारखं. 'थांबवली आणि आई गेलीच' असं जे लोक सांगतात त्यातल्या काही घरांत हे झालेलं असतं. आठवड्याच्या आत दिलेला डोस बहुतेक वेळा सरळ थांबवता येतो, सहा आठवड्यांचा नाही.

उतरवायचं कसं हे आईंच्या तपासणीवर आहे, म्हणून हे फक्त कल्पना यावी म्हणून सांगते, स्वतः करू नका. मज्जारज्जूचा प्रश्न नाही हे नक्की झालं की ८ वरून दर पाच ते सात दिवसांनी २ एमजी कमी, २ एमजीवर पोचलं की मग अर्ध्या-अर्ध्या एमजीने, तिथे ०.५ च्या गोळ्या कामाला येतात. त्रास फार असेल तर सुरुवातीची पायरी जरा लवकर उतरते, शेवटच्या पायऱ्या मात्र हळूच. प्रत्येक पायरीवर बघायचं की बरगडीखालचं दुखणं परत येतंय का. आलं तर आधी दुखण्याचं औषध वाढवता येतं का बघतो, नाहीतर ज्या डोसवर बरं होतं त्या आधीच्या पायरीवर परत जातो आणि तिथे थांबतो. काही जणांना १-२ एमजी शेवटपर्यंत ठेवावी लागते, तो काही पराभव नाही, मेंदूत गाठ असलेल्यांना तर बऱ्याचदा लागतेच.

उतरवण्याच्या काळात आणि नंतरही काही महिने ताप, उलट्या, जुलाब, कुठलीही प्रोसिजर असेल तर डॉक्टरांना सांगायचं की स्टेरॉइड चालू होतं, अशा दिवसांत डोस वाढवावा लागतो. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन लागेल, ते कातडीखालीही देता येतं, त्यासाठी ॲडमिट करायची गरज नसते. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: डेक्सामेथासोन चालू, कधीपासून, आत्ताचा डोस, अचानक थांबवू नये. रात्री दोनला दुसऱ्याच हॉस्पिटलमधे नेलं तर तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला यातलं काहीच माहिती नसतं.

मिसेसची भीती राहिली, भुकेची. खरंय, डोस उतरताना जेवण थोडं कमी होईल. पण सहा आठवड्यांनी जी भूक आहे ती गोळीची किती उरलीये हे तुम्हीच बघा, त्या आत्ता पहिल्या आठवड्यासारखं जेवतात का? पर्याय आहेत. ओलान्झापिन नावाचं मानसिक आजारांत वापरायचं औषध अगदी छोट्या डोसमधे, २.५ एमजी, केमो चालू असलेल्या पेशंटमधे भूक आणि वजनासाठी उपयोगी पडलं असा पुद्दुचेरीच्या जिपमरमधला अभ्यास २०२३ मधे आला, आणि झोप येते हा तिचा साइड इफेक्ट आईंना पथ्यावर पडेल. पण तीही शुगर वाढवू शकते, म्हणून ३१० असताना मी लगेच धावत सुटणार नाही, आधी शुगर खाली आणेन. सुरू करायची की नाही ते बघणारे डॉक्टर सांगतील.

आणि हा जो प्रश्न तुम्ही विचारलात, गोळीने की आजाराने, त्याचं प्रामाणिक उत्तर दोन्ही असू शकतं. झोप, चेहरा, शुगर, मांड्या यातलं बरंच गोळीचं वाटतं, म्हणजे ते कमी होण्यासारखं आहे. आजारही त्याच्या गतीने चालला असेल, ते डोस उतरवल्यावर तीन-चार आठवड्यांनी स्पष्ट दिसेल. म्हणूनच उतरवायची घाई नको आणि आळसही नको.

फाईल परळच्या टाटाची असेल तर तिथे पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे दाखवा. दुसरीकडची असेल तर तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारा की पॅलिएटिव्ह केअरला पाठवता का, याचा अर्थ उपचार थांबवणं असा होत नाही, केमो चालू असतानाही दाखवता येतं. तिथे गेल्यावर स्टेरॉइडबद्दल तीनच गोष्टी लिहून घ्या: कशासाठी चालू आहे, पुढचा डोस कधी कमी करायचा, आणि त्रास झाला तर फोन कोणाला. तिसऱ्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधे, मामांच्यासुद्धा.

आज पाठ आणि लघवीचं विचारलंत की इथे कळवा, आणि ३१० शुगर कोणत्या वेळेची होती तेही.